हबशी, आणि मेरेब नदीची दोन काठं

लहानपणी आमच्या घरात 'हबशी' हा शब्द दोनच वेळा निघायचा. कुणी पंक्तीत आडवातिडवा जेवला तर, आणि उन्हातून खेळून कुणी काळाठिक्कर पडून घरी आला तर. शाळेत गेल्यावर इतिहासाच्या पुस्तकात जंजिऱ्याचा सिद्दी भेटला, मलिक अंबर भेटला, आणि हबशी म्हणजे कुठल्या तरी लांबच्या देशातली माणसे एवढे कळले. तो देश कुठला, तिथली माणसे स्वतःला काय म्हणवतात, असला प्रश्न काही पडला नाही. दुसऱ्याला आपण दिलेले नाव आपल्याला नेहमी पुरेसे वाटते.

हा प्रश्न पडला तो फार उशिरा, आमच्या ओळखीच्या एका निवृत्त सरांमुळे. सर काही वर्षे अस्मारात शिकवायला होते. भारतातून बरेच शिक्षक आणि प्राध्यापक त्या भागात नोकरीसाठी गेले, त्यातलेच हे एक. परत येताना त्यांनी मातीची एक काळी, लांब मानेची, पोटाने गोल अशी सुरई आणली होती. तिला म्हणतात 'जबना', आणि तिच्यात कॉफी करतात. मी त्यांच्या घरी गेलो असता मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "सर, ही इथिओपियन कॉफी ना?" सर हसले. म्हणाले, "अस्मारात बसून हे बोलला असतास तर कॉफी मिळाली असती, पण गप्पा संपल्या असत्या."

मग त्यांनी सांगितले ते असे. तीच जबना, तीच कॉफी, तेच तीन वेळा ओतायचे शास्त्र, शेजारी तोच धूप. आंबवलेल्या टेफच्या पिठाची तीच मोठी, जाळीदार, आपल्या आंबोळीची थोरली बहीण शोभेल अशी पोळी. आदिस अबाबात तिला इंजेरा म्हणतात, अस्मारात ताइता. लिपी एकच, गेएझ. चर्चमधली जुनी भाषाही तीच. आणि दोन्हीकडचे डोंगराळ मुलखातले लोक स्वतःला एकाच नावाने ओळखत आले, 'हबेशा'. आपला हबशी तो हाच! अरबांनी 'अल-हबश' म्हटले, त्यातून फारसीत गेला, तिथून आपल्याकडे आला आणि येता येता त्याची शिवी झाली. गंमत म्हणजे गुलाम म्हणून विकले जाऊन हिंदुस्थानात आलेल्यांपैकी अनेकजण मुळात या डोंगरी हबेशांपैकी नव्हतेच. ते त्यांच्या दक्षिणेकडच्या, पूर्वेकडच्या मुलखांतून पकडून आणलेले लोक होते. म्हणजे आपण ज्यांना हबशी म्हणालो त्यांतल्या पुष्कळांना त्यांच्या देशात कुणी हबेशा म्हटले नसते.

तेव्हापासून मी या दोन देशांबद्दल मिळेल ते वाचत आलो. आपल्याकडे 'भाऊबंदकी' असा एक नेमका शब्द आहे. परक्याशी होते ते वैर, आणि एकाच वाड्यातल्या माणसांचे होते ती भाऊबंदकी. एरिट्रिया आणि इथिओपिया यांच्यात जे आहे त्याला मला दुसरा शब्द सापडलेला नाही. फक्त या भाऊबंदकीत लाखो माणसे मेली आहेत.

नकाशा काढून पाहिला तर दोन्ही देशांच्या मध्ये मेरेब नावाची एक नदी दिसते. वर्षातले बरेच महिने ती कोरडीच असते. नदीच्या उत्तरेला एरिट्रियाचे पठार, दक्षिणेला इथिओपियाचा टिग्राय प्रांत. दोन्ही काठांवर टिग्रिन्या भाषा बोलली जाते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या अक्सुम राज्याची राजधानी आज टिग्रायमध्ये आहे, तर त्याच राज्याचे मोठे बंदर अदुलिस एरिट्रियात. चौथ्या शतकात अक्सुमच्या एझाना राजाने ख्रिस्ती धर्म घेतला, तोही दोघांचा सामाईक वारसा. मात्र एरिट्रिया म्हणजे नुसते हे पठार नव्हे. त्याच्या पश्चिमेकडच्या आणि समुद्राकाठच्या सखल भागात मुसलमान बहुसंख्य आहेत, आणि नऊ भाषक समाज तिथे अधिकृतपणे मानले जातात. इथिओपियातही अम्हारा, ओरोमो, टिग्रायी, सोमाली, अफार असे किती तरी लोक. त्यामुळे 'आपण सगळे एकच' हे वाक्य जिथे उच्चारले जाते, तिथे ते ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना आपण त्यात आहोत की नाही याची खात्री नसते.

आम्हा गोंयकारांचा या मुलखाशी संबंध आला तो १५४१ साली. गोव्याचा त्या वेळचा गव्हर्नर एस्तेव्हांव द गामा, म्हणजे वास्को द गामाचा मुलगा, तांबड्या समुद्रात आरमार घेऊन गेला होता. इथिओपियाचा ख्रिस्ती राजा तेव्हा इमाम अहमद ग्रान याच्या फौजांपुढे हैराण झाला होता. एस्तेव्हांवने आपला धाकटा भाऊ क्रिस्तोव्हांव याला सुमारे ४०० बंदूकधारी देऊन मस्सावाला उतरवले. किनाऱ्याकडच्या मुलखाचा अधिपती होता येशाक, त्याचा किताब 'बहर नगाश', म्हणजे समुद्राचा राजा. त्याने या तुकडीला वाट दाखवली. १५४२ मध्ये क्रिस्तोव्हांव पकडला गेला आणि मारला गेला. उरलेल्या पोर्तुगीजांनी राजाबरोबर लढून १५४३ मध्ये इमामाचा पराभव केला.

या गोष्टीत मला महत्त्वाचा वाटतो तो बहर नगाश. आजचे इथिओपियन इतिहासप्रेमी म्हणतात, बघा, समुद्राकाठचा अधिपती आमच्याच राजाचा सरदार होता, म्हणजे तो मुलूख आमचा. एरिट्रियाचे लोक म्हणतात, बघा, त्या मुलखाला वेगळा अधिपती होता, वेगळा किताब होता, म्हणजे तो वेगळाच होता. पुरावा एक, निकाल दोन. पुढच्या सगळ्या कहाणीत हेच होत राहते.

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. १८६९ मध्ये एका इटालियन जहाज कंपनीने असाब इथली जागा विकत घेतली, १८८५ मध्ये इटलीने मस्सावा घेतले. १८८९ मध्ये सम्राट मेनेलिक आणि इटली यांच्यात वुचालेचा तह झाला. या तहाच्या सतराव्या कलमाची मोठी मजा आहे. अम्हारिक मजकुराप्रमाणे परदेशांशी व्यवहार करताना मेनेलिक हवे तर इटलीची मदत घेऊ शकत होता. इटालियन मजकुराप्रमाणे त्याला ती घ्यावीच लागणार होती. एका क्रियापदावरून इथिओपिया इटलीचे संरक्षित राज्य ठरत होते. १ जानेवारी १८९० रोजी इटलीने आपल्या ताब्यातल्या मुलखाला 'एरिट्रिया' हे नाव दिले, तांबड्या समुद्राच्या जुन्या ग्रीक-लॅटिन नावावरून. आणि १ मार्च १८९६ रोजी अडुवाच्या लढाईत मेनेलिकने इटलीचा असा पराभव केला की साऱ्या आफ्रिकेला आजही त्याचा अभिमान वाटतो.

पण अडुवाच्या या अभिमानाखाली एक जखम आहे. इटलीच्या बाजूने लढणाऱ्यांत एरिट्रियातले हजारो स्थानिक शिपाई होते, त्यांना 'अस्करी' म्हणत. जे अस्करी पकडले गेले त्यांना देशद्रोही ठरवून त्यांचा उजवा हात आणि डावा पाय तोडण्यात आला. अशांची संख्या सुमारे ८०० सांगतात. इटालियन कैद्यांना मात्र बऱ्यापैकी वागवून पुढे सोडून दिले. आणि लढाई जिंकल्यावर मेनेलिक मेरेब ओलांडून पुढे गेला नाही, एरिट्रिया इटलीकडेच राहिला. इथिओपियन माणसाला विचाराल तर तो म्हणेल, सैन्य थकले होते, दाणागोटा संपला होता, पुढे जाणे म्हणजे जिंकलेले गमावणे होते. एरिट्रियन माणूस म्हणेल, आमचे हातपाय तोडलेत आणि आम्हाला परक्याला देऊन गेलात. मग आम्ही तुमचे कसे?

इटलीच्या पन्नास वर्षांत एरिट्रिया बदलला. मस्सावाहून निघालेली रेल्वे घाट चढून १९११ मध्ये अस्माराला पोचली. कारखाने आले, सिनेमागृहे आली, आजही पाहायला मिळतात अशा देखण्या इमारती उभ्या राहिल्या. अर्थात देखण्या रस्त्यांवर स्थानिकांना मज्जाव होता, आणि शाळेत त्यांना चौथीच्या पुढे शिकू देत नसत. पण शहर आले, मजुरी आली, आणि नदीपलीकडच्या टिग्रायमधून पोट भरायला माणसे येऊ लागली. त्यांतले बरेच अगामे नावाच्या दुष्काळी जिल्ह्यातले. ते ओझी वाहत, विहिरी खणत, घरकाम करत. हळूहळू 'अगामे' हे जिल्ह्याचे नाव राहिले नाही, ती शिवी झाली. भाषा एक, देव एक, पण एक शहरातला आणि एक मजूर. आपल्याला हे समजायला कठीण जाऊ नये. बाहेरून मजुरीला आलेल्या माणसांच्या गावाचे किंवा जातीचे नाव शिवीसारखे वापरायची सवय आपल्या गोव्यातही आहे, आणि ते वापरताना आपल्यापैकी कुणाची जीभ अडखळत नाही.

१९३५ मध्ये मुसोलिनीने इथिओपियावर स्वारी केली ती एरिट्रियातून, आणि पुन्हा अस्करी पुढे होते. विषारी वायूचे बाँब पडलेल्या इथिओपियन खेड्यांत ही आठवण कशी राहिली असेल याची कल्पना करावी. तरी दुसरी बाजूही आहे. याच काळात कित्येक अस्करी इटलीची साथ सोडून इथिओपियन बंडखोरांना जाऊन मिळाले. पण भाऊबंदकीत अशा गोष्टींची नोंद कुणी ठेवत नाही.

इथे आपली माणसे पुन्हा या कहाणीत येतात. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एरिट्रियातल्या केरेन या डोंगरी ठाण्यावर इटलीविरुद्ध मोठी लढाई झाली. ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्यांत चौथी आणि पाचवी या दोन हिंदी डिव्हिजन होत्या, आणि पाचव्या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण होती. डोलोगोरोडोकच्या किल्ल्याभोवतालच्या टेकड्यांवर जे हल्ले झाले त्यात ही माणसे होती. २७ मार्चला केरेन पडले. बेळगावात ज्या रेजिमेंटचे केंद्र आहे तिच्या रणसन्मानांत 'केरेन' हे नाव आहे. कोकणातली, घाटावरची, बेळगाव भागातली पोरे त्या उघड्या खडकांवर मेली, आणि समोरच्या खंदकात इटालियनांबरोबर एरिट्रियन अस्करीही होते. केरेनच्या युद्ध स्मशानभूमीत दहन केलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांचे स्मारक आहे. सर ते पाहून आले होते. त्यांनी तिथे उभे राहून काय केले असे मी विचारले तर म्हणाले, "काय करणार? चपला काढल्या."

केरेननंतर दहाएक वर्षे एरिट्रियात ब्रिटिशांचा लष्करी अंमल होता. या काळात तिथे पक्ष निघाले, वर्तमानपत्रे निघाली, वाद सुरू झाले. काहींना इथिओपियात विलीन व्हायचे होते, त्यांच्यामागे ऑर्थोडॉक्स चर्चची मोठी ताकद होती. काहींना स्वातंत्र्य हवे होते. इब्राहिम सुलतान यांची मुस्लिम लीग त्यात पुढे होती, आणि ख्रिस्ती असलेले वोल्देआब वोल्देमारियमही. वोल्देआब यांच्यावर एकामागून एक प्राणघातक हल्ले झाले, त्यातून ते वाचले. शेवटी संयुक्त राष्ट्रांनी २ डिसेंबर १९५० च्या ठरावाने मधला मार्ग काढला: एरिट्रियाला स्वतःची विधानसभा, स्वतःचा झेंडा, टिग्रिन्या आणि अरबी या स्वतःच्या भाषा, पण इथिओपियाच्या मुकुटाखाली संघराज्य. सप्टेंबर १९५२ मध्ये ते अमलात आले.

आणि लगेच कुरतडले जाऊ लागले. पक्षांवर बंदी आली, वर्तमानपत्रे बंद पडली, संप मोडले गेले. १९५८ मध्ये एरिट्रियाचा झेंडा उतरवला गेला. टिग्रिन्या आणि अरबीच्या जागी अम्हारिक आली. १४ नोव्हेंबर १९६२ रोजी सम्राट हैले सेलासीने संघराज्यच रद्द केले आणि एरिट्रिया हा इथिओपियाचा आणखी एक प्रांत झाला.

मी हा भाग वाचताना दर वेळी थांबतो. मी गोव्यातला मराठी लेखक आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात आमच्या घरातली वडीलधारी मंडळी विलीनीकरणाच्या बाजूची होती. भाषा एक, देव एक, नाटक एक, कीर्तन एक, मग राज्य वेगळे कशाला, हा त्यांचा सरळ प्रश्न होता. ते हरले. त्यांच्या मनाला लागले, पण कुणाला बंदूक उचलावी लागली नाही. कारण प्रश्न विचारला गेला होता आणि उत्तर मोजले गेले होते. एरिट्रियन माणसाला १९५० मध्ये किंवा १९६२ मध्ये कुणी मतपेटीपाशी नेऊन हा प्रश्न विचारलाच नाही. 'आपण एकच आहोत' हे वाक्य प्रेमाचे असू शकते, पण समोरच्याला नाही म्हणायची मुभा नसेल तर त्याची बेडी होते. माझ्या वडीलधाऱ्यांची बाजू मला अजून कळते. पण कौल घेतला गेला हे बरे झाले, हे मला एरिट्रियाने शिकवले.

१ सप्टेंबर १९६१ रोजी हामिद इद्रिस आवाते आणि त्याच्या मोजक्या सोबत्यांनी पहिल्या गोळ्या झाडल्या. ते युद्ध तीस वर्षे चालले. मध्ये १९७४ मध्ये सम्राट गेला, मेंगिस्तूची लष्करी राजवट आली, तिला सोव्हिएत शस्त्रे मिळाली. एरिट्रियात आधी एक आघाडी होती, तिच्यातून दुसरी निघाली, दोघी आपसातही लढल्या आणि शेवटी इसायास अफेवेर्की यांची आघाडी उरली. तिला लोक 'शाबिया' म्हणतात. १९७५ मध्ये टिग्रायमध्येही मेंगिस्तूविरुद्ध आघाडी उभी राहिली, ती 'वोयाने'. नदीच्या दोन काठांवरचे हे दोन बंडखोर गट, एकाच भाषेत बोलणारे, एकाच शत्रूशी लढणारे. धाकट्या वोयानेला सुरुवातीला प्रशिक्षण दिले ते थोरल्या शाबियाने.

आणि तरी १९८५ मध्ये त्यांचे फाटले. मतभेद पुस्तकी होते: राष्ट्र म्हणजे काय, वांशिक समाजांना फुटून जायचा हक्क असावा की नाही, सोव्हिएत रशियाला काय म्हणावे. पण त्या वेळी टिग्रायमध्ये भीषण दुष्काळ होता, आणि सुदानमधून धान्य येण्याचा एक रस्ता शाबियाच्या ताब्यातल्या मुलखातून जात होता. शाबियाने तो रस्ता बंद केला. वोयानेला माणसे लावून दुसरा रस्ता तयार करावा लागला. तीन वर्षांनी दोघांनी तडजोड केली, १९९१ च्या मे महिन्यात दोघे जिंकले: २४ तारखेला अस्मारा, २८ तारखेला आदिस अबाबा. पण भुकेल्या वेळी अडवलेली वाट माणूस विसरत नाही.

तरीही पुढची काही वर्षे सुखाची होती. इथिओपियाचे नवे नेते मेलेस झेनावी यांनी एरिट्रियाचा वेगळे होण्याचा हक्क मान्य केला. त्यांच्या आईचे माहेर एरिट्रियातले, यावरून त्यांना आदिस अबाबात पुढे बरेच टोमणेही खावे लागले. एप्रिल १९९३ मध्ये सार्वमत झाले, ९९.८ टक्के लोकांनी स्वातंत्र्याला मत दिले. इथिओपियात राहणाऱ्या एरिट्रियन वंशाच्या लोकांनीही तिथूनच मतदान केले. बायका ठेवणीतली पांढरी वस्त्रे नेसून रांगेत उभ्या होत्या. त्या मताचे पुढे काय होणार हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते.

सीमा नीट आखायची राहून गेली. भाऊभाऊ वेगळे झाले, पण बांध घातला नाही, कारण कालपर्यंत एकत्र लढलेल्यांना त्याची गरज वाटली नाही. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये एरिट्रियाने स्वतःचे चलन काढले, नक्फा. त्याची किंमत इथिओपियन बिरच्या बरोबरीची धरावी ही मागणी आदिस अबाबाने फेटाळली आणि मोठे व्यवहार डॉलरमध्ये करा असे सांगितले. सीमेवरच्या बाजारात मीठ आणि धान्य विकणाऱ्याला अचानक डॉलर लागू लागले. ६ मे १९९८ रोजी बदमे या धुळकट गावापाशी चकमक झाली, काही एरिट्रियन सैनिक मेले, आणि काही दिवसांत रणगाडे आले. ५ जून रोजी अस्माराच्या विमानतळावर आणि टिग्रायची राजधानी मेकेलेवर बाँब पडले. मेकेलेत एका शाळेवरही पडले, मुले मेली.

दोन वर्षांत ७० हजार ते एक लाख माणसे मेली असा अंदाज सांगितला जातो. पहिल्या महायुद्धासारखे खंदक खणून, माणसांच्या लाटा सोडून हे युद्ध लढले गेले. पण मला त्याहून भयंकर वाटते ती दुसरी गोष्ट. इथिओपियाने आपल्याकडच्या एरिट्रियन वंशाच्या सुमारे ७५ हजार लोकांना बाहेर काढले. त्यांत आदिस अबाबात जन्मलेले होते, म्हातारे होते, सरकारी नोकर होते. रात्री दार वाजायचे, माणसाला बसमध्ये घालून सीमेवर सोडायचे. घर, दुकान, बँकेतले पैसे मागे. नवरा एरिट्रियन आणि बायको इथिओपियन असेल तर एक गेला आणि एक राहिली. आणि कारण काय दाखवले? तुम्ही १९९३ च्या सार्वमतात मत दिले होते, म्हणजे तुम्ही परकीय नागरिक. पाच वर्षांपूर्वी ठेवणीतली वस्त्रे नेसून दिलेले मत त्यांच्यावरच पुरावा झाले. एरिट्रियानेही हजारो इथिओपियनांना कोंडले, हुसकले, आणि त्यांत मेरेबपलीकडून मोलमजुरीला आलेले टिग्रायी पुष्कळ होते.

१२ डिसेंबर २००० रोजी अल्जिअर्समध्ये करार झाला. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली, तिच्यात भारतीय पलटणही होती. एप्रिल २००२ मध्ये सीमा आयोगाने बदमे एरिट्रियाला दिले. २००५ मध्ये नुकसानभरपाईच्या आयोगाने मात्र सांगितले की मे १९९८ मध्ये एरिट्रियाने बळाचा वापर केला तो कायद्याला धरून नव्हता. थोडक्यात, जमीन तुझी, पण मारामारी सुरू केलीस तू. दोघांनाही आपल्याला हवे ते अर्धे ऐकायला मिळाले. इथिओपियाने बदमे सोडले नाही, आणि ते सोडले नाही म्हणून एरिट्रियाने आपल्या तरुणांना सैन्यातून सोडले नाही. अठरा महिन्यांची सक्तीची सेवा बेमुदत झाली. १९९७ मध्ये तयार झालेली राज्यघटना कपाटात राहिली, देशपातळीवरची निवडणूक झाली नाही. शेजाऱ्याचे भय दाखवून घरातल्यांना गप्प बसवायची युक्ती जुनीच आहे. लाखो एरिट्रियन तरुण देश सोडून गेले, आणि त्यांतल्या हजारोंनी आसरा घेतला तो कुठे? इथिओपियात, टिग्रायमधल्या छावण्यांत.

मग २०१८ आले. आबी अहमद हे इथिओपियाचे नवे पंतप्रधान ८ जुलैला अस्माराला गेले. लोक रस्त्यावर नाचले. वीस वर्षे बंद असलेली टेलिफोन लाइन सुरू झाली, आणि तेव्हा एक गोष्ट घडली ती मी कधी विसरणार नाही. ज्यांचे कुणी नातेवाईक पलीकडे नव्हते, अशी माणसेही मनाला येईल तो नंबर फिरवू लागली. पलीकडून कुणी तरी फोन उचलायचे. कोण बोलतेय हे ठाऊक नाही, पण पलीकडे माणूस आहे एवढ्यानेच दोघेही बोलत. १८ जुलैला पहिले विमान आदिस अबाबाहून अस्माराला गेले, विमानतळावर लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. सप्टेंबरमध्ये, त्यांच्या नववर्षाच्या दिवशी, सीमा उघडली.

काही महिन्यांतच एकेक नाके परत बंद झाले. आबींना २०१९ मध्ये नोबेल मिळाले. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांच्या सरकारचे टिग्रायशी युद्ध पेटले आणि एरिट्रियाचे सैन्य आबींच्या बाजूने टिग्रायमध्ये शिरले. त्याच महिन्याच्या शेवटी त्या सैन्याने अक्सुम शहरात शेकडो निःशस्त्र माणसे मारली. अक्सुम! दोघांची जुनी राजधानी, दोघांच्या धर्माचे तीर्थ. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रिटोरियात करार झाला, त्यात एरिट्रिया नव्हता. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आबींनी तांबड्या समुद्रापर्यंत पोचण्याचा इथिओपियाचा प्रश्न जाहीरपणे काढला, आणि असाबचे नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आले. कालचे मित्र शत्रू झाले, आणि कालच्या शत्रूंपैकी टिग्रायमधले काहीजण अस्माराशी बोलू लागले. वाड्यात भिंत कुठे घालायची हे दर पिढीला नव्याने ठरते आहे.

बाजू कुणाची खरी, असे मला कुणी विचारले तर मी म्हणेन, एरिट्रियाला वेगळे राहायचा हक्क होता आणि तो त्याने मोजून सिद्ध केला आहे. पण त्या हक्काच्या नावाने अस्मारात जे राज्य झाले त्याचे समर्थन मला करता येत नाही. आणि समुद्र गमावलेल्या दहा कोटींहून मोठ्या देशाची तगमग मला कळते, पण ती तगमग बंदुकीने शमवायला गेले की काय होते हे केरेनपासून अक्सुमपर्यंत लिहिलेले आहे.

सर आता थकले आहेत. मागच्या वेळी गेलो तेव्हा जबना शोकेसमध्ये होती, कॉफी आपली नेहमीचीच स्टीलच्या पेल्यात मिळाली. मी विचारले, अस्मारातले कुणी विद्यार्थी अजून संपर्कात आहेत का? म्हणाले, एकजण होता, तो सीमा ओलांडून पळाला, टिग्रायच्या छावणीत होता, युद्धानंतर त्याचे काही कळले नाही. मग थोड्या वेळाने म्हणाले, "त्याची आजी अगामेची होती. वर्गात कुणाला कळू द्यायचा नाही. मला एकट्याला सांगितले होते, मी परका म्हणून."

त्या दिवसापासून आमच्या घरात मी 'हबशी' हा शब्द बंद केला आहे. नातवंडे विचारतात का, तर त्यांना ही एवढी मोठी गोष्ट सांगावी लागते.